स्क्रीन, शाई, कागद आणि कटर: ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी गोव्यातल्या डिचोलीची. उपयोजित कला शिकले, मग सात वर्षं एका ऑफसेट प्रेसमध्ये प्री-प्रेसच्या, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करायच्या, टेबलावर काढली. आता स्वतःची कामं घेते आणि जमेल त्या शनिवारी चार-पाच मुलांना घेऊन प्रेस दाखवायला जाते. रात्री दहानंतर फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. काही प्रश्न मुलांचे आहेत, काही त्यांच्या आई-बाबांचे, आणि एक-दोन माझ्याच चुकांतून आलेले.

ताई, मला चित्र फारसं चांगलं येत नाही. तरी या शाखेला जाऊ का?

जा. हुबेहूब चित्र काढता येणं चांगलंच, पण इथे बघण्याला जास्त किंमत आहे. म्हापशाच्या बाजारात दोन दुकानांच्या पाट्या शेजारी शेजारी असतात. एक बसमधून वाचता येते, दुसरी समोर उभं राहूनही लागत नाही. हे का, असा प्रश्न तुला पडत असेल तर तू योग्य रांगेत आहेस. पेन्सिल मात्र सुटायला नको. संगणक उघडण्याआधी अंगठ्याएवढी वीस रेखाटनं काढायची सवय लाव. पहिली पाच सगळ्यांनाच सुचतात, सातव्या-आठव्यापासून तुझं स्वतःचं काहीतरी यायला लागतं.

गोव्यात शिकायची सोय कुठे आहे?

पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर गोवा कला महाविद्यालय आहे. ते १९७२ साली सुरू झालं आणि गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. बारावीनंतर चार वर्षांचा बीएफए करता येतो, त्यात अप्लाइड आर्ट (उपयोजित कला) ही आपली शाखा. प्रवेशासाठी चाचणी असते. तारखा आणि कागदपत्रं त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, माझ्या सांगण्यावर विसंबू नका.

वर्गाबाहेरही बरंच शिकायला मिळतं. २०१६पासून डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. लोक तो उद्घाटनानंतर बघतात. तू जमलं तर दोन दिवस आधी जा, मांडणी उभी राहताना बघ. भिंतीवरचा मजकूर कोणत्या उंचीवर लावतात, व्हिनाइलची अक्षरं फुगा न येऊ देता कशी चिकटवतात, दिव्याची सावली फलकावर पडू नये म्हणून काय करतात, हे सगळं तिथे उघड्यावर चालू असतं.

आधी सॉफ्टवेअर शिकू की आधी हाताचं काम?

दोन्ही एकाच वेळी, पण हाताचं थोडं पुढे. कारण सांगते. संगणकावर ‘अनडू’ असतो, त्यामुळे निर्णय घ्यायचा कंटाळा येतो. कागद कापताना तो नसतो. रंगीत कागदाची चौकोनी कापणं घेऊन पोस्टर रचायला बसलेला मुलगा दहा मिनिटांत ठरवतो की हा तुकडा इथेच हवा. तोच मुलगा स्क्रीनवर तोच चौकोन तासभर सरकवत बसतो.

आपल्याकडची कावी कला या कामाला फार उपयोगी पडते. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देतात आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा बाहेर काढतात. रंग एकच. छटा नाहीत, ग्रेडियंट नाही. जे काही सांगायचं ते तांबडं आणि पांढरं यांच्या सीमारेषेवरच सांगायचं. मी मुलांना पहिल्या महिन्यात काळ्या कागदावर कटर चालवून असंच एक पान करायला सांगते. लोगो म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

सॉफ्टवेअर नेमकं कोणतं? आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर?

चित्र आणि फोटोसाठी फोटोशॉप, लोगो आणि आकारांसाठी इलस्ट्रेटर, पानं असलेल्या कामासाठी इनडिझाइन, ही कॉलेजची भाषा. प्रेसमध्ये मात्र कोरलड्रॉ अजून खूप चालतं. तेव्हा त्याची तोंडओळख असू दे. ‘फॉन्ट कर्व्ह करून खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून दे’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात कानावर पडेल. कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकणं, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. मात्र कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेव.

पैसे नसतील तर इंकस्केप, गिंप, क्रिटा आणि स्क्रायबस मोफत आहेत आणि शिकण्यापुरते भरपूर आहेत. चोरीचं सॉफ्टवेअर घेऊ नकोस. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्याच्यासोबत येणारा व्हायरस सबमिशनच्या आदल्या रात्रीच जागा होतो.

लॅपटॉप कोणता घेऊ?

रॅम १६ जीबी, एसएसडी, आणि रंग बरा दाखवणारी आयपीएस स्क्रीन. बाकी दुकानदार जे सांगेल त्यातलं निम्मं खेळ खेळणाऱ्यांसाठी असतं. एक बाहेरची हार्ड डिस्कही घे. कामाची एक प्रत लॅपटॉपवर, एक डिस्कवर आणि एक ऑनलाइन असली पाहिजे.

स्क्रीनवर एवढा छान दिसणारा रंग छापून आल्यावर मळका का दिसतो?

स्क्रीन प्रकाश फेकते, कागद प्रकाश परत करतो. स्क्रीनवरचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा उजेडाचा बनतो. छपाईत निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाया कागदावर बसतात. उजेडाने दाखवता येणारे कित्येक रंग या चार शायांच्या आवाक्यातच नाहीत. पोपटी हिरवा आणि झगझगीत निळा हे त्यातले पहिले बळी. गोव्यात प्रत्येक दुसऱ्या ब्रोशरवर समुद्र असतो, त्यामुळे हे दुखणं आपल्या वाट्याला जरा जास्तच येतं.

समुद्राचा गडद निळा हवा म्हणून मुलं सायन १०० टक्के आणि मॅजेंटा १०० टक्के देतात. स्क्रीनवर निळा दिसतो, कागदावर जांभळा येतो. वांग्याच्या रंगाचा मिरामारचा किनारा! मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीसेक टक्क्यांनी खाली ठेव.

मग कागदाचं येतं. चकचकीत आर्ट पेपरवर शाई वर राहते, रंग उठून दिसतात. मॅपलिथोसारखा साधा कागद शाई पितो, ठिपके पसरतात, रंग बसका होतो. वृत्तपत्राचा कागद तर आणखी पितो. म्हणून चारही शायांची बेरीज आर्ट पेपरवर साधारण ३०० टक्क्यांच्या आत आणि वृत्तपत्रासाठी २४०च्या आसपास ठेवायची. त्यापुढे गेलं की शाई सुकत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

यावर उपाय एकच. प्रेसमधून छापील रंगतक्ता मिळाला तर तो टेबलावर ठेव आणि रंग त्यावरून निवड, डोळ्यांसमोरच्या स्क्रीनवरून नको.

काळा तर काळाच असतो ना? त्यात काय शिकायचं?

इथे माझी फजिती सांगते. प्रेसमध्ये लागून वर्षही झालं नव्हतं. चवथीच्या तोंडावर एका सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाची चोवीस पानी स्मरणिका आली. वेळ वाचावा म्हणून मी अध्यक्षांचं मनोगत फोटोशॉपमध्येच चित्रावर टाइप केलं. तिथला काळा म्हणजे चारही शायांची भेसळ. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी, त्यामुळे नऊ पॉइंटची देवनागरी चार प्लेटांवर गेली. मशीनवर कागद केसभर सरकला आणि प्रत्येक वेलांटीच्या कडेला लालसर सावली उभी राहिली. अध्यक्ष चष्मा काढून, परत घालून, पान लांब धरून बघत होते. शेवटी म्हणाले, “बाय, ही अक्षरं हलतात का गो?” हजार प्रती. आठ पानांचा तो फर्मा (एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा) पुन्हा छापला आणि त्या महिन्याचा पगार मला हलका वाटला.

तेव्हा मजकुराचा काळा म्हणजे फक्त काळी शाई १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य, आणि ओव्हरप्रिंट चालू, म्हणजे काळा खालच्या रंगावरच छापला जातो. मोठा काळा पट्टा भरायचा असेल तर मात्र नुसती काळी शाई राखाडी दिसते. तिथे सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० असं काहीतरी दे. मजकूर नेहमी पानाच्या किंवा आकारांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, फोटोशॉपमध्ये नाही.

ब्लीड, डीपीआय वगैरे आकडे एकदा सांगून टाका.

चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर सोडलेला रंग. कापणीच्या रेषेपासून मजकूर निदान ५ मिलिमीटर आत. छापायच्या आकाराला फोटो ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. फ्लेक्सच्या मोठ्या फलकाला प्रत्यक्ष आकारात ७२ ते १०० पुरतो, कारण तो कोणी नाक लावून बघत नाही. फ्लेक्स लाकडी चौकटीवर ओढून मागे ठोकायचा असेल तर कडेला दोनेक इंच नुसता रंग सोड, नाहीतर आमदारांचा कान चौकटीच्या मागे जातो आणि फोन तुला येतो.

मराठी मजकूर टाकला की जोडाक्षरं तुटतात, काना-वेलांट्या उडतात. काय चुकतंय?

दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

पहिला आजार सॉफ्टवेअरच्या मांडणीचा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नसेल तर ‘क्ष’चं ‘क्‌ष’ होतं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. इलस्ट्रेटरमध्येही टाइपच्या प्रेफरन्समध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करावा लागतो. एकदाच करायचं काम आहे.

दुसरा आजार जुन्या फॉन्टांचा. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण छपाईच्या धंद्यात श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं चालले आणि अजूनही चालतात. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट बदलला की मजकुराची इंग्रजी खिचडी होते. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नको. रफार घसरतो, ‘आशीर्वाद’चा ‘आर्शीवाद’ होतो, आणि तो लग्नपत्रिकेवर छापून गेला की मग काही करता येत नाही.

‘ऱ्य’ तर हमखास फसवतो. दर्या आणि दऱ्या. एक मिरामारला, दुसरी चोर्ला घाटात. एका पर्यटन पत्रकात ‘पावसाळ्यात हिरव्यागार दर्या पाहा’ असं छापलेलं मी बघितलं आहे. रूपांतरानंतर रफार, ऱ्य, ऱ्ह आणि अॅ, ऑ यांच्यासाठी एक वाचन वेगळं करायचं, नेहमीच्या मुद्रितशोधनात ते मिसळायचं नाही.

आता सजावटीचं. देवनागरीत अक्षरांमध्ये अंतर वाढवू नको, शिरोरेषा तुटते. सॉफ्टवेअरने ओढून ताणून जाड किंवा तिरकं केलेलं अक्षर वापरू नको, फॉन्टात खरा जाड नमुना असेल तरच घे. ओळींतलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं, कारण वर मात्रा आणि खाली उकार दोघांनाही जागा हवी. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात. काही फॉन्टांत ते आत दडलेले असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की बाहेर येतात. मोफत आणि चांगल्या फॉन्टांपैकी मुक्ता, बालू आणि टिरो देवनागरी मराठी हे तिन्ही एकेकदा छापून बघ. हो, छापून.

गोव्यात तर एकाच फलकावर देवनागरी आणि रोमन दोन्ही लागतात. ते कसं जमवायचं?

लागतात, आणि कधी तिसरी पोर्तुगीज ओळही असते. कोणती लिपी वर, या वादात मी पडत नाही, गिऱ्हाईक सांगेल तसं. दिसण्यापुरतं बोलायचं तर एकाच पॉइंटला रोमन मोठी दिसते. रोमन १० असेल तर देवनागरी साडेअकरा-बारा करून डोळ्याने जुळव. रेघेच्या जाडीवर लक्ष ठेव: देवनागरीची उभी रेघ आणि रोमनची उभी रेघ सारख्याच वजनाच्या दिसल्या की दोघी एका घरातल्या वाटतात.

हे दुखणं गोव्याला नवं नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथेच उतरला, खरं तर तो अबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघाला होता. जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात तो बसला. पुढे १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. भाषा मराठी, ओवीबद्ध, आणि लिपी मात्र रोमन. स्टीफन्सना देशी लिपीत छापायची इच्छा नव्हती असं नाही. १६०८च्या पत्रात त्यांनी अडचण लिहून ठेवली आहे: रोमनला चोवीस ठसे पुरतात, इथल्या अक्षरांना सहाशेच्या घरात लागतील. जोडाक्षरांनी चारशे वर्षांपूर्वीही डिझायनरला रडवलं होतं, तुला रडवलं तर फार मनाला लावून घेऊ नको.

पणजीतल्या मळा या जुन्या वस्तीत गेलीस तर घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या टाइलांवरची नावं बघ. बाजारात जुन्या रंगाऱ्यांनी हाताने रंगवलेल्या पाट्या अजून थोड्या उरल्यात, त्यांचे फोटो आत्ताच काढून ठेव. दर वर्षी दोन-चार तरी फ्लेक्सखाली जातात.

कागद कसा ओळखायचा?

हाताने. दुकानात नमुन्यांची वही मागायची, डोळे मिटून पानं चाळायची, अंदाज बोलायचा आणि मग पाठीवरचा आकडा बघायचा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ७० जीएसएम मॅपलिथो म्हणजे वहीचं किंवा पुस्तकाचं पान, १३० आर्ट पेपर म्हणजे बरं ब्रोशर, ३०० आर्ट कार्ड म्हणजे व्हिजिटिंग कार्ड. महिनाभरात बोटांना समजायला लागतं.

रिमाचं वजन काढायचं सूत्र पाठ कर: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, गुणिले जीएसएम, भागिले वीस हजार. ५०० ताव किती किलोचे ते येतं. २३ बाय ३६ इंची ७० जीएसएमचा रिम साधारण १८.७ किलोचा. कागद किलोवर विकला जातो, त्यामुळे हे येणाऱ्या मुलाशी दुकानदार वेगळ्या आवाजात बोलतो.

कागदाला तंतूंची दिशाही असते, तिला ग्रेन म्हणतात. एक छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला कर. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो ती ग्रेनची दिशा. घडी ग्रेनला समांतर घातली तर सरळ येते, आडवी घातली तर कड फाटल्यासारखी दिसते. पुस्तकात ग्रेन कण्याला समांतर हवा, नाहीतर पुस्तक उघडं राहतच नाही. जाड कार्डाला घडीआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ पाडणं, लागतंच. ते अजूनही पुष्कळ ठिकाणी जुन्या ट्रेडल मशीनवर होतं. छपाईतून निवृत्त झालेलं ते यंत्र क्रीझिंग, नंबरिंग आणि परफोरेशन करत कोपऱ्यात खडखडत असतं. बघायला मिळालं तर सोडू नको.

पुस्तिकेची पानं चारच्या पटीत का मागतात?

एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून. मधोमध पिन मारायच्या चोवीस पानी पुस्तिकेला सहा कागद. त्यात १ नंबरच्या पानाशेजारी २४ येतं, २ शेजारी २३. बेरीज नेहमी २५. आतली पानं दुमडल्यावर बाहेर डोकावतात आणि कापणीत अरुंद होतात, तेव्हा पान क्रमांक कडेला चिकटवू नको. हे वाचून कळत नाही. सहा कागद घे, दुमड, पेनाने क्रमांक टाक, सोड. दोन मिनिटांचं काम. त्या डमीशिवाय आमच्या टेबलावर कोणी काम सुरू केलेलं मला आवडत नसे, आणि अजून आवडत नाही.

घरी स्क्रीन प्रिंटिंग करता येईल का?

येईल, आणि करच. उत्पादन म्हणजे काय हे एका दुपारी समजायचं असेल तर यासारखं दुसरं काही नाही.

लाकडी चौकटीवर बोल्टिंग क्लॉथ, म्हणजे बारीक जाळीचं कापड, ताणून बसवायचं. कापडावर छापायचं तर सेंटिमीटरला ४३ धाग्यांची जाळी, कागदासाठी ९० ते १२०. अंधाऱ्या खोलीत, पिवळ्या दिव्यात, इमल्शनचा, म्हणजे उजेडाने कडक होणाऱ्या लेपाचा, पातळ हात द्यायचा आणि सुकू द्यायचं. डिझाइन गडद काळ्यात फिल्मवर किंवा ट्रेसिंग पेपरवर काढून त्यावर ठेवायचं, वर काच, आणि उजेड द्यायचा. उजेड लागला तिथलं इमल्शन कडक होतं, काळ्याखालचं मऊ राहतं आणि पाण्याने धुऊन निघतं. किती वेळ उजेड द्यायचा? प्रत्येकाच्या दिव्याला आणि इमल्शनला तो वेगळा. पुठ्ठा थोडा थोडा सरकवत एकाच स्क्रीनवर पाच वेगवेगळे वेळ देऊन पट्टी काढ. सगळं वाहून गेलं तर उजेड कमी पडला, बारीक रेघ उघडलीच नाही तर जास्त झाला.

मग तो क्षण. चौकटीखाली कोपऱ्यांना एकेक नाणं ठेवलेलं, म्हणजे जाळी कागदाला चिकटून राहत नाही. शाईची ओळ वरच्या कडेला. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, तिरकी धरून एका दमात आपल्याकडे ओढायची, मध्ये थांबायचं नाही. जाळी कागदावरून सुटताना ‘सर्र’ असा बारीक आवाज येतो. तो आला की छाप स्वच्छ उठली असं समज. आवाज आला नाही तर शाई घट्ट झाली आहे किंवा जाळी सैल आहे. मी अजूनही आधी ऐकते, मग बघते.

एक गोष्ट गंभीरपणे. नारिंगी बायक्रोमेट घालून घरी इमल्शन करायची जुनी पद्धत स्वस्त आहे, पण ते क्रोमियम विषारी आहे. त्वचेवर जखमा करतं, कर्करोगकारक आहे. तयार फोटोपॉलिमर इमल्शन घे, हातमोजे घाल. आणि धुतलेलं पाणी विहिरीच्या आसपास ओतू नको.

पावसाळ्यात सगळंच बिघडतं. तुमच्याकडेही होतं का?

सगळ्यांकडे होतं. गोव्यात जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पितो, ताव फुगतो, कडा लहरतात. सकाळी पहिला रंग छापला आणि दुपारी दुसरा, तर तेवढ्यात ताव मिलिमीटरच्या अंशाने वाढलेला असतो आणि रंग जुळत नाहीत. शाई उशिरा सुकते, लॅमिनेशनखाली फुगे येतात. रिम वेष्टनातून आदल्या दिवशी काढून ठेवू नको, लागेल तेवढाच उघड आणि उरलेला लगेच गुंडाळ. स्क्रीनचं इमल्शन पूर्ण सुकल्याशिवाय उजेड देऊ नको. गोव्यातलं वर्षातलं सगळ्यात घाईचं काम चवथीच्या आधी, म्हणजे नेमकं याच हवेत येतं. तारीख देताना दोन दिवस पावसाचे म्हणून धर.

प्रेसमध्ये शिकायला गेलं तर हाकलून देतील का?

चवथीच्या किंवा निवडणुकीच्या आधी गेलीस तर देतील. इतर वेळी विचारून जा. मशीनमन काकांशी बोलताना मुकाट्याने अर्धा तास उभं राहा, मग प्रश्न विचार. चालू मशीनच्या जवळ ओढणी, मोकळे केस, लोंबती आयडीची दोरी घेऊन जायचं नाही. रोलरला हात लावायचा नाही.

आणि बाइंडिंगवाल्यांकडे बस. डिझायनर मशीन बघायला जातात, बाइंडिंगकडे कोणी फिरकत नाही. गॅदरिंग (पानं क्रमाने जुळवणं), पिनिंग, कटिंग हातांनी करणाऱ्या बायकांना माहीत असतं की कोणत्या डिझाइनमध्ये पट्टी कडेला वाकडी दिसणार आहे. मला कडेची बारीक चौकट काढू नये हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. ते मला अशाच एका बाईंनी पेजेची वाटी हातात धरून, दोन वाक्यांत सांगितलं.

नरकासुर, मखर, शिगम्याचा चित्ररथ, हे पोर्टफोलिओत घालू का? की हसतील?

घाल. बांबू, तार आणि कागदाचा दिवाळीचा वीस फुटी नरकासुर उभा करणं म्हणजे प्रमाण, सांगाडा, वजन, बजेट आणि मुदत. फक्त तयार झालेल्याचा फोटो नको. पहिलं रेखाटन, चौकटी आखून मोठं केलेलं चित्र, फसलेला हात आणि तो कसा दुरुस्त केला, हे दाखव. फोटो काढायला मात्र दिवसा जा.

पॅकेजिंगचा एखादा सराव सुचवा.

काजूगराचं पाकीट कर. समोरची बाजू सगळेच छान करतात, मागची कर. अन्नपरवान्याचा एफएसएसएआय क्रमांक, शाकाहारी हिरवा ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, घटक, पत्ता, बारकोड. एवढं बसवून उरलेल्या जागेत डिझाइन. नंतर ते खऱ्या आकारात छापून, कापून, चिकटवून त्यात काजू भर. भरल्यावर पाकीट फुगतं आणि तू मध्यभागी ठेवलेलं नाव बाजूला वळतं. हे स्क्रीनवर कधीच दिसलं नसतं.

एआय आल्यावर हे सगळं शिकून काय उपयोग?

कल्पना चाचपडायला मी ते वापरते. पण त्याने काढलेल्या चित्रातली देवनागरी अक्षरन् अक्षर वाचावी लागते, आणि ते चित्र २३ बाय ३६च्या तावावर किती पानं बसतील हे सांगून येत नाही. कॉलेजात दाखवताना वापरलं असेल तर वापरलं म्हणून सांग.

आमची मुलगी यात पोट भरेल का? (एका बाबांचा प्रश्न, शब्द त्यांचेच)

भरेल, पण कुठे ते सांगते. सगळ्यांना पोस्टर आणि लोगो करायचे असतात. गोव्यात नियमित काम आहे ते हॉटेलांच्या मेनूचं, वृत्तपत्रांच्या जाहिरातींचं, काजू-मसाल्यांच्या पाकिटांचं, आणि औषधांच्या खोक्यांचं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपन्या आहेत. औषधाच्या पत्रकावरचा मजकूर मुंगीएवढा आणि चूक शून्य, ज्याला हे नीट करता येतं त्याला काम शोधत फिरावं लागत नाही. कंटाळवाणं आहे. मी तीन वर्षं केलं.

ओळखीतले लोक फुकट करून मागतात.

नातेवाइकांची एक लग्नपत्रिका दरवर्षी फुकट. बाकीच्यांकडून निम्मे पैसे आधी घ्यायचे, आणि मुद्रितावर, म्हणजे तपासायला दिलेल्या छापील प्रतीवर, ‘छापायला हरकत नाही’ असं लिहून सही. सहीशिवाय प्लेट नाही. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा म्हणजे सही नव्हे.

कटर कोणता घेऊ?

नऊ मिलिमीटर पात्याचा, कुलूप असलेला, आणि सोबत तीस अंशाची टोकदार पाती. पट्टी स्टीलची घे, प्लॅस्टिकची पहिल्याच दिवशी खाचते. जाड पुठ्ठा एका जोरात कापायला जाऊ नको, हलक्या हाताने तीनदा फिरव. पातं बोथट झालं की मोड. कापताना मोकळा हात पट्टीच्या कडेपासून मागे ठेव आणि मोडताना पक्कड वापर, तोंड दुसरीकडे करून. मोडलेले तुकडे केराच्या डब्यात टाकू नको, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या गोल डब्या आता फारशा मिळत नाहीत. मी औषधाच्या गोळ्यांची रिकामी बाटली ठेवते, झाकणाला एक फट पाडून.